तुरुंगाची किल्ली कंत्राटदाराकडे नको

तुरुंग खाजगी कंपन्यांकडे सोपवावेत, हा विचार आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात ऐकू आला. तळोजा कारागृहातल्या एका कच्च्या कैद्याच्या अर्जावर सुनावणी चालू होती. तुरुंगांच्या दुरवस्थेचा विषय निघाला तेव्हा न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. हृषिकेश रॉय यांच्या पीठाने तोंडी बोलून दाखवलं की युरोपात खाजगी तुरुंगांची कल्पना आहे, आपल्याकडेही मोठ्या उद्योगांना सामाजिक दायित्वाच्या निधीतून तुरुंग बांधायला सांगता येईल. तो आदेश नव्हता, आणि न्यायमूर्तींच्या मनात कैद्यांचीच काळजी होती. पण सर्वोच्च न्यायालयात उच्चारलेल्या शब्दाला वजन असतं. तेव्हापासून वकिलांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या गप्पांत हा मुद्दा निघाला की कोणीतरी म्हणतंच, काय हरकत आहे? रस्ते खाजगी झाले, दवाखाने झाले, कॉलेजं झाली, मग तुरुंगच का नको?

मला हरकत आहे. आणि मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाकडे ती मांडायला आपला स्वतःचा पुरावा आहे.

छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादने, खाजगीकरणाचे दोन मोठे प्रयोग अंगावर घेतले. २०११ साली शहराचं वीज वितरण एका खाजगी कंपनीकडे गेलं आणि २०१४ मध्ये महावितरणला ते परत ताब्यात घ्यावं लागलं. त्याच २०१४ मध्ये समांतर जलवाहिनी योजनेखाली पाणीपुरवठा दुसऱ्या एका कंपनीकडे गेला, आणि २०१६ मध्ये महापालिकेने तोही करार मोडला. या दोन्ही करारांत कोण किती चुकलं यावर आजही वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती करार मोडण्यामागची ताकद. बिलं वाढली तेव्हा लोक ओरडले. नळाला पाणी आलं नाही तेव्हा बायकांनी रिकामे हंडे घेऊन मोर्चे काढले. वर्तमानपत्रांनी रोज छापलं, सर्वसाधारण सभेत नगरसेवक उभे राहिले, कारण पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीत मतं मागायला जायचं होतं. खाजगी कंपनीला वठणीवर आणणारी जी काही शक्ती असते ती एवढीच: नाराज ग्राहक, त्याचा आवाज आणि त्याचं मत.

आता याच शहरातल्या हर्सूल कारागृहाच्या भिंतीआड यातलं काय आहे ते पाहा. कैद्याला दुसरा तुरुंग निवडता येत नाही. त्याला मोर्चा काढता येत नाही. आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, मग त्याचा गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो. जामीन न मिळालेला बदनापूरचा एखादा शेतमजूर, ज्याच्यावर अजून दोषारोपही ठेवलेले नाहीत, तोही मतदानाच्या दिवशी बराकीतच असतो. वाईट सेवा दिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, या धास्तीवर सगळा बाजार चालतो. तुरुंगाच्या दारात ती धास्तीच संपते. तिथे उरतो तो फक्त करार, सरकार आणि कंपनी यांच्यातला. कैदी त्या कराराचा पक्षकार नसतो, त्यात त्याची फक्त मोजणी असते.

ही मोजणीच सगळ्यात घातक. खाजगी तुरुंगांचा आजचा धंदा अमेरिकेत उभा राहिला. १९८३ मध्ये टेनेसी राज्यात करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका स्थापन झाली, आज तिचं नाव कोअरसिव्हिक आहे. पुढच्याच वर्षी वॅकनहट कंपनीने याच धंद्यासाठी वेगळी शाखा काढली, ती आज जीईओ ग्रुप म्हणून ओळखली जाते. दोन्ही कंपन्यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात खरेदी-विक्रीला आहेत. त्यांना पैसे मिळतात ते साधारणपणे दर कैद्यामागे, दर दिवसाप्रमाणे. त्याहून पुढे जाऊन कितीतरी करारांत भरतीची हमी असते: तुरुंगातल्या अमुक टक्के खाटा भरलेल्या राहतील, रिकाम्या राहिल्या तरी सरकार त्यांचे पैसे देईल. ॲरिझोनातल्या तीन तुरुंगांच्या करारात ही हमी १०० टक्क्यांची होती. गुन्हे कमी होवोत, न्यायाधीश जामीन देवोत, काही होवो, खाटेचं भाडं चालू. अशा राज्यात गर्दी कमी करण्याचा हिशेबच कोणाला पटणार नाही.

आपल्या भागाला माणसं मोजण्याची ही रीत नवी नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणीतून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोची मोजणी मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ अशी होते. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. कोयता आजारी पडला, बाळंत झाला, तरी वहीतला आकडा बदलत नाही. माणसाचा आकडा झाला की त्याचं काय होतं हे मराठवाड्याने इतक्या जवळून पाहिलं आहे की ‘खाटेमागे दर’ हे शब्द ऐकून आपण तरी दचकायला हवं.

आणि प्रश्न फक्त पैशाचा नाही. तुरुंग अधीक्षकाच्या हातात काय काय असतं याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. शिस्तभंगाची शिक्षा तो देतो. शिक्षेतून कमी होणारे माफीचे दिवस त्याच्या नोंदींवर ठरतात. फर्लो आणि पॅरोलच्या, म्हणजे तात्पुरत्या सुट्टीच्या, अर्जावर त्याचा अहवाल जातो. आजारी कैद्याला घाटी रुग्णालयात कधी न्यायचं हे त्याच्या सहीवर अवलंबून असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडायचं, असं ते सांगतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्यावर आहे. यातली कळीची तरतूद अशी की ही मुदत भरली की न्यायालयाला लेखी अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू केलं.

आता हाच अधीक्षक कंपनीचा नोकर आहे असं धरा. कायदा त्याला म्हणतो, हा माणूस सोडण्यासाठी अर्ज कर. त्याच्या मालकाला त्याच माणसाचे रोज पैसे मिळतात. मी असं म्हणत नाही की प्रत्येक कंपनीचा अधीक्षक अर्ज दाबून ठेवेल. पण ज्याच्या उशिराने मालकाचा फायदा होतो त्याच्या हातात माणसाची सुटका द्यायची नाही, इतकी साधी काळजी आपण पंचायत समितीच्या निविदेतही घेतो. माणसाच्या स्वातंत्र्याबाबत ती घ्यायची नाही का?

अमेरिकेतच याचं टोकाचं उदाहरण घडलं. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न परगण्यात मार्क सियावरेला आणि मायकल कॉनाहन या दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून सुमारे २८ लाख डॉलर घेतले, आणि त्याच काळात किरकोळ खोड्यांसाठी शाळकरी पोरांना तिथे पाठवलं जात होतं. २००९ मध्ये हे प्रकरण न्यायालयात उभं राहिलं, पुढे सियावरेलाला २८ वर्षांची आणि कॉनाहनला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो मुलांवरचे निकाल रद्द करावे लागले. हा लाचखोरीचा गुन्हा होता, प्रत्येक खाजगी तुरुंगात असं चालतं असं कोणी म्हणू नये. पण सरकारी कोठडीत एक मूल जास्त गेल्याने कोणाला नफा होत नाही, म्हणून अशी लाच द्यायलाही कोणी येत नाही.

खाजगीकरणाच्या बाजूने बोलणारे ब्रिटनकडे बोट दाखवतात. १९९२ मध्ये वोल्ड्स तुरुंगापासून तिथे ही पद्धत सुरू झाली आणि काही खाजगी तुरुंगांबद्दल तपासनिसांनी चांगलंही लिहिलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याच ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगाची अवस्था इतकी हाताबाहेर गेली की ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो जी४एस कंपनीकडून काढून घेतला. ब्रिटनला हे जमलं कारण तिथे तुरुंगाचा स्वतंत्र मुख्य तपासनीस आहे, तो न सांगता जाऊन धडकतो आणि अहवाल जाहीर करतो. आपल्याकडे तुरुंगांची पाहणी करणारी अभ्यागत मंडळं कागदावर आहेत, त्यांच्या नेमणुका रखडतात. देखरेखीची यंत्रणा उभी नसताना ठेका द्यायचा म्हणजे राखणदार नेमण्याआधी वाडा भाड्याने देणं झालं.

मग उत्तरदायित्व कोणाकडे मागायचं? माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ८(१)(ड) आहे, व्यापारी गोपनीयतेचं. सरकारी कारागृहात डॉक्टर किती दिवस आला नाही हे आज अर्ज करून विचारता येतं. उद्या हाच प्रश्न कराराच्या पोटकलमात अडकेल. अमेरिकेत एका हृदयविकार असलेल्या कैद्याला लिफ्ट न वापरू देता पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढायला लावला, त्याला हृदयविकाराचा झटका आला. ते पुनर्वसनगृह खाजगी कंपनी चालवत होती. त्याने राज्यघटनेतल्या हक्काचा भंग झाला म्हणून कंपनीवर भरपाईचा दावा लावला, तर २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा दावा कंपनीवर चालत नाही. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये याच्या नेमका उलटा निकाल दिला. बेर्शेबाजवळ खाजगी तुरुंग बांधून तयार होता, अजून एकही कैदी आत गेलेला नव्हता. तरी आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. तिथली सेवा चांगली असेल की वाईट याची वाटही पाहिली नाही. माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेकडे देणं हाच त्याच्या स्वातंत्र्यावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला ती पूर्ण पटते. शिक्षा सरकार देतं ते तुमच्या-माझ्या नावाने. ती अमलात आणण्याचं काम दुसऱ्याला विकायचा आपल्याला अधिकार नाही.

यावर एक उत्तर येतं, आणि ते झिडकारण्यासारखं नाही: सरकारी तुरुंगात तरी माणूस कुठे सुरक्षित आहे? जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी बाईचा मारहाणीत मृत्यू झाला आणि तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. आणि आपल्या दाराशी परभणी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात जे घडलं, त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप घेऊन त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही त्याच्या पदरी नकारच आला.

सरकार चांगलं आहे म्हणून तुरुंग त्याच्याकडे ठेवा, असं मी म्हणूच शकत नाही. परभणीनंतर कोणी म्हणू नये. पण त्या आईला न्यायालयात उभं राहताना कोणाविरुद्ध उभं राहायचं हे शोधावं लागलं नाही. समोर राज्य होतं. जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ चं ओझं थेट त्याच्या खांद्यावर होतं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागलं. तरीसुद्धा साधा गुन्हा नोंदवण्याच्या आदेशापर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त काळ गेला. मध्ये कंपनी असती, कंपनीचा विमा असता, लवादाचं कलम असतं, ‘ही जबाबदारी कराराप्रमाणे दुसऱ्या पक्षाची’ असं म्हणणारे दोन्हीकडचे वकील असते, तर त्या घराला किती वर्षं लागली असती?

खरं दुखणं गर्दीचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. या आकड्यांची वजाबाकी करून पाहा. कच्च्या कैद्यांपैकी तिघांत एक जण जामिनावर बाहेर आला, तर एकही नवी भिंत न बांधता देशातली गर्दी संपते. २६ नोव्हेंबर २०२२ ला संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी हाच सवाल न्यायमूर्तींसमोर केला होता: आपण प्रगती करतो आहोत तर आणखी तुरुंग कशाला हवेत?

तिघांतला तो एक जण आत का आहे, हे हर्सूलच्या फाटकाबाहेर मुलाखतीच्या वेळी जाऊन बसलं की कळतं. मागच्या उन्हाळ्यात तिथे अंबड तालुक्यातले एक आजोबा भेटले. नातवाला जामीन मंजूर झाला होता, तरी तो आतच होता. आजोबांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चार घड्या घातलेला सातबारा. सातबारा भावाच्या नावावर, वाटणी झालेली नाही, इतर हक्काच्या रकान्यात बँकेच्या पीककर्जाचा बोजा. कोर्टातून सांगितलं होतं, दुसरा जामीनदार बघा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणा. ‘कर्ज नसलेला सातबारा आमच्या गावात कुणाचा हाय का, तुमीच सांगा,’ ते म्हणाले. मराठवाड्यात फिरलेल्या कोणालाही याचं उत्तर माहीत आहे. ज्यांना जमीनच नाही, पारधी, वडार, कैकाडी वस्त्यांवरची माणसं, त्यांच्याकडे तर दाखवायला हा कागदही नसतो.

१९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी यावर कडक शब्दांत लिहिलं. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, हे तेव्हाच ठरलं. सातबाऱ्याऐवजी वैयक्तिक बंधपत्रावर सोडता येतं, कायद्यात तशी सोय आहे. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजनाही आहे, जामिनासाठी सुरुवातीला ४० हजारांपर्यंत मदत देणारी. आजोबांना यातलं काही कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरं कारण हंगामाचं. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मधे केजच्या किंवा माजलगावच्या कोर्टात तारीख पडते. मुकादम सोडत नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत, आरोपी गैरहजर राहतो. अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीन रद्द होतो, आणि पाडव्याला गावी आलेला माणूस थेट जिल्हा कारागृहात जातो. अशा माणसासाठी वातानुकूलित खाजगी बराक बांधून दिली तरी त्याचा काय उपयोग? त्याला तुरुंग चांगला नको आहे. त्याला तिथे जायचंच कारण नव्हतं.

आणि ज्यांना शिक्षा भोगायचीच आहे त्यांच्यासाठीही वाट आपल्याच भागात आहे. पैठणला जायकवाडीच्या बाजूला खुलं कारागृह आहे. जन्मठेपेचे कैदी तिथे शेती करतात, उंच भिंतींशिवाय राहतात. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजेसाहेब आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत काढली, तेव्हापासून महाराष्ट्राला ही गोष्ट माहीत आहे. बंदिस्त तुरुंगापेक्षा ही पद्धत स्वस्त पडते, तिला कमी पहारा लागतो, आणि त्यात माणूस कामाला लागतो. स्वस्त तुरुंग हवा असेल तर तो असा असतो. पण माणूस कधी मोकळा सोडता येईल हे ठरवायला जो विश्वास टाकावा लागतो, तो खाट भरलेली ठेवण्यात ज्याचं हित आहे त्याच्याकडून कसा येणार?

काही कामं बाहेरच्यांकडून करून घ्यायला माझा विरोध नाही. इमारती आजही कंत्राटदारच बांधतात. व्हिडिओ मुलाखतीची यंत्रणा, दूरस्थ डॉक्टर, उद्योगशाळेतलं प्रशिक्षण, हे खुशाल बाहेरून घ्या. किल्ली, काठी आणि नोंदवही मात्र सरकारी नोकराच्याच हातात हवी, ज्याला निलंबित करता येतं आणि ज्याच्यासाठी मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं.

तुरुंगांवर जो पैसा आणि जी राजकीय इच्छा खर्च करायची आहे ती आधी इथे करा. प्रत्येक जिल्ह्यात प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. तिने किती नावं पाहिली, किती सुटली, किती जामीन मिळूनही आत आहेत, हे दर तीन महिन्यांनी कारागृहाच्या आणि कोर्टाच्या फलकावर लागलं पाहिजे. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकिलाने आठवड्यातून एकदा तुरुंगात जाऊन कलम ४७९ मध्ये बसणाऱ्यांची यादी अधीक्षकाबरोबर तपासावी. आणि बीड, धाराशिव, जालन्याच्या न्यायालयांनी ऊसतोड कामगारांची प्रकरणं टोळ्या निघण्याआधी, भाद्रपदातच, बोर्डावर घ्यावीत. ज्यांचं काम तेवढ्यात संपणार नाही त्यांना कारखान्याच्या तालुक्यातल्या न्यायालयातून व्हिडिओवर हजेरी लावायची परवानगी द्यावी. त्यासाठी लागणारे पडदे आणि कॅमेरे बहुतेक कोर्टांत आधीच बसवलेले आहेत.